नौका-प्रदर्शनाची जागा गेली, तर प्रदर्शन उरते का?

दर्यावर्दी (धागाकर्ता)

लंडनचे नौका-प्रदर्शन जानेवारी २०१८ मध्ये एक्सेल संकुलात भरले आणि त्या स्वरूपात ते शेवटचेच ठरले. पुढच्या वर्षी प्रदर्शन होणार नाही, असे आयोजकांनी त्याच वर्षी जाहीर केले. १९५० च्या दशकाच्या मध्यात ऑलिम्पिया सभागृहात सुरू झालेले हे प्रदर्शन १९६० मध्ये अर्ल्स कोर्टला गेले आणि चार दशकांहून अधिक काळ तेथेच राहिले. अर्ल्स कोर्टच्या इमारतीत मधोमध, फरशीच्या पातळीखाली, एक प्रचंड तलाव बांधलेला होता. तो भरला की भर हिवाळ्यात, छपराखाली, लोकांना नौका खऱ्या पाण्यावर तरंगताना पाहता येत. २००४ मध्ये प्रदर्शन शहराच्या पूर्वेकडील एक्सेलमध्ये हलले. तेथील दालने प्रशस्त होती आणि शेजारीच रॉयल व्हिक्टोरिया गोदीचे पाणी होते, म्हणजे कागदावर नवी जागा जुनीपेक्षा सरस होती. तरीही चौदा-पंधरा वर्षांत ते प्रदर्शन आक्रसत गेले आणि एरवी दहा दिवस चालणारा हा सोहळा शेवटच्या वर्षी पाच दिवसांवर आला. अर्ल्स कोर्टची इमारतही वाचली नाही. २०१४ च्या अखेरीस ती बंद झाली आणि पुनर्विकासासाठी पाडली गेली.

केवळ जागा बदलल्यामुळे लंडनचे प्रदर्शन संपले, असे मी म्हणणार नाही. जानेवारीतच डसेलडॉर्फचे अवाढव्य प्रदर्शन भरते, आणि मोठ्या नौका बांधणाऱ्यांना एकाच महिन्यात दोन ठिकाणी नौका नेण्याचा खर्च परवडत नाही. २००८ नंतरच्या मंदीने तर सगळ्याच विक्रेत्यांचे हात आखडले. पण जागा बदलताना प्रदर्शनाचा जो प्रेक्षक मागे सुटला, तो कोण होता आणि तो का सुटला, याचा विचार पुरेसा झाला नाही असे मला वाटते. अर्ल्स कोर्टला येणाऱ्यांत नौका विकत घेण्याची ऐपत नसलेले, पण शिडाच्या दोऱ्या, कंदील, नकाशे आणि जुन्या होड्यांच्या दुरुस्तीचे सामान पाहायला येणारे असंख्य लोक होते. छोटे विक्रेते त्यांच्यावरच जगत.

जगातल्या अनेक नौका-प्रदर्शनांच्या जागांवर आज ना उद्या हे सावट येते. कुठे महापालिकेला किनाऱ्याचा पुनर्विकास करायचा असतो, कुठे संकुलाचे नूतनीकरण होते, कुठे शेजाऱ्यांचा विरोध असतो, तर कुठे समुद्रच धक्क्यावर चढू लागतो. मुळाशी असलेली अडचण एकच आहे: प्रदर्शन वर्षातून पाच-दहा दिवस भरते, आणि पाण्यालगतच्या जमिनीची किंमत मात्र तीनशे पासष्ट दिवसांच्या हिशेबाने ठरते. या हिशेबात प्रदर्शन नेहमीच हरते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की जागेचा निर्णय आयोजक आणि जमीनमालक यांच्यातील खाजगी व्यवहार म्हणून सोडून देऊ नये. प्रदर्शनात उभे राहणारे छोटे व्यावसायिक, ते पाहायला येणारे लोक आणि त्या किनाऱ्यावर राहणारे रहिवासी यांचा त्या निर्णयात लेखी वाटा असायला हवा. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती.

डोलकाठी

धागा आवडला. मी अनेक वर्षे प्रदर्शनांच्या उभारणीचे काम केले आहे, त्यामुळे जागा बदलणे म्हणजे प्रत्यक्षात काय असते, हे थोडे विस्ताराने सांगतो. मोटारींचे किंवा फर्निचरचे प्रदर्शन बऱ्याचशा सपाट, झाकलेल्या जागेत भरवता येते. नौकेचे तसे नाही.

एक मध्यम आकाराची, साधारण बारा मीटर लांबीची शिडाची नौका घ्या. तिची रुंदी चार मीटरच्या आसपास असते, म्हणजे ती रस्त्याने न्यायची तर बहुतेक देशांत रुंद वाहतुकीचा विशेष परवाना लागतो, ठरावीक वेळीच प्रवास करावा लागतो आणि मार्गातला प्रत्येक पूल, वळण आणि विजेची तार आधी तपासावी लागते. तिचा कील (नौकेचा तोल राखणारा, तळाखालचा वजनदार भाग) धरून पाण्याखालचा भाग सुमारे दोन मीटर असतो. दालनात उभी केल्यावर ती जमिनीपासून इतकी उंच जाते की लोकांना चढण्यासाठी जिना आणि फलाट बांधावे लागतात. वजन आठ-नऊ टन. हे वजन मोटारीसारखे चार चाकांवर विभागले जात नाही. त्याचा बहुतांश भार कीलखालच्या काही चौरस फुटांवर येतो, आणि बाजूचे टेकू केवळ तोल सांभाळतात. दालनाच्या फरशीखाली वायरी आणि नळांचे चर असतील, तर तो भार कोठे टेकवायचा, हे अभियंत्याकडून लिहून घ्यावे लागते. डोलकाठी तर अठरा मीटरपर्यंत जाते. एवढी उंची जगातल्या मोजक्याच दालनांना आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी शिडाच्या नौका डोलकाठीविना उभ्या असतात. शिडाची नौका डोलकाठीविना पाहणाऱ्या नवख्या माणसाला ती कशी चालते, हे कळायला काही वावच राहत नाही.

पाण्यावरच्या प्रदर्शनाच्या अडचणी वेगळ्या आहेत. तरंगते धक्के उभारायचे म्हणजे आधी तळाचा सर्वेक्षण-नकाशा, पाण्याची खोली, प्रवाहाचा वेग आणि भरती-ओहोटीतला फरक माहीत हवा. धक्के जागेवर राहावेत म्हणून तळात खांब ठोकावे लागतात किंवा जड नांगर टाकावे लागतात, आणि दोन्हींसाठी बंदर व पर्यावरण खात्यांची संमती लागते. धक्क्यांवर वीज, पिण्याचे पाणी आणि आग विझवण्याची व्यवस्था न्यावी लागते. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून धक्क्यावर उतरणारा पूल इतका तीव्र उताराचा होतो की व्हीलचेअरवरच्या माणसाला तेथे जाणे अशक्य ठरते. त्यासाठी लांब पूल लागतो, आणि लांब पुलासाठी किनाऱ्यावर तेवढी जागा.

म्हणून कोणी सहज 'दुसरीकडे भरवा' म्हणाले की मला काळजी वाटते. एका जागेवर अनेक वर्षे काम केल्यावर उभारणी करणाऱ्यांना तिथला प्रत्येक खांब, प्रत्येक जलवाहिनी आणि वाऱ्याची प्रत्येक खोड ठाऊक झालेली असते. जागा बदलली की हे सगळे ज्ञान शून्यावर येते आणि त्याची भरपाई पैशाने होते. तो पैसा शेवटी स्टॉलच्या भाड्यातच वसूल केला जातो.

खाडीकाठ

दोन्ही प्रतिपादने मोलाची आहेत, परंतु या चर्चेत शेजारी राहणाऱ्या लोकांची बाजू अद्याप आलेली नाही, ती मांडतो.

मायामीचे आंतरराष्ट्रीय नौका-प्रदर्शन हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. ते अनेक वर्षे मायामी बीचच्या अधिवेशन केंद्रात भरत असे. त्या केंद्राचे मोठे नूतनीकरण सुरू झाल्यामुळे २०१६ पासून ते व्हर्जिनिया की या बेटावर, जुन्या मायामी मरीन स्टेडियमच्या परिसरात भरू लागले. हे स्टेडियम १९६३ मध्ये बांधलेले आहे. क्यूबात जन्मलेले वास्तुविशारद हिलारिओ कँडेला यांनी त्याची रचना केली. साडेसहा हजारांहून अधिक प्रेक्षकांना पाण्यावरच्या शर्यती पाहता याव्यात म्हणून पाण्याकडे झेपावणारे घड्यांचे काँक्रीटचे छप्पर त्यांनी उभारले. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर ते बंद केले गेले आणि तेव्हापासून भित्तिचित्रांनी भरून गेलेले, ओस पडलेले उभे होते. नौका-प्रदर्शन तेथे आले तर स्टेडियमच्या जीर्णोद्धाराला गती मिळेल, अशी अनेकांची प्रामाणिक अपेक्षा होती.

पण त्या बेटावरून पुढे 'की बिस्केन' या गावाला जाणारा रस्ता एकच आहे. त्या रिकेनबॅकर सेतुमार्गावर वाहतूक कोंडली की संपूर्ण गाव अडकते. शिवाय बिस्केन उपसागराच्या तळाशी समुद्री गवताची कुरणे आहेत, ज्यांवर मासे आणि मॅनटी नावाचे मोठे जलचर प्राणी जगतात. तरंगत्या धक्क्यांची सावली आणि शेकडो नौकांच्या पंख्यांनी ढवळलेला गाळ हे दोन्ही त्या गवताला घातक असतात. गावाने न्यायालयात दाद मागितली, तेव्हा काही लोकांनी त्याला श्रीमंतांचा हट्ट म्हणून हिणवले. मला ते योग्य वाटत नाही. रुग्णवाहिका वेळेवर पोहोचेल का, हा प्रश्न श्रीमंत आणि गरीब दोघांनाही सारखाच पडतो.

प्रदर्शन तेथे २०२० पर्यंत पाच वर्षे भरले. २०२१ मध्ये साथीमुळे ते झालेच नाही आणि २०२२ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या नौका-प्रदर्शनात विलीन होऊन ते पुन्हा अधिवेशन केंद्राकडे व मुख्य भूमीलगतच्या इतर काही ठिकाणांकडे परतले. मरीन स्टेडियम मात्र त्या पाच वर्षांत खुले झाले नाही. तात्पुरत्या पाहुण्यावर कायमच्या जीर्णोद्धाराची आशा टांगून ठेवली, म्हणजे दोघांचीही गैरसोय होते.

उत्तरवारा

खाडीकाठ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, परंतु 'तात्पुरते' स्थलांतर नेहमीच फसते, असा समज त्यातून होऊ नये. सिडनीचे प्रदर्शन याच्या उलट उदाहरण आहे. डार्लिंग हार्बर येथील १९८८ चे अधिवेशन व प्रदर्शन केंद्र २०१३ च्या अखेरीस बंद झाले आणि पाडले गेले, कारण त्याच जागी मोठे नवे केंद्र उभे करायचे होते. मधल्या वर्षांत ग्लीब आयलंड येथे तात्पुरती दालने उभारली गेली. नौका-प्रदर्शनाचा छपराखालचा भाग तेथे भरला, पाण्यावरचा भाग डार्लिंग हार्बरमधल्या कॉकल बे येथेच राहिला, आणि दोन्ही ठिकाणे फेरीबोटींनी जोडली गेली. नवे केंद्र डिसेंबर २०१६ मध्ये खुले झाले आणि पुढच्या वर्षी प्रदर्शन आपल्या जुन्या ठिकाणी परतले.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की प्रदर्शनाने पाण्यावरचा आपला पाय जागेवरून हलू दिला नाही. प्रेक्षकाच्या मनात प्रदर्शन जिथे आहे असे ठसलेले असते, तिथे त्याचा निदान एक भाग दिसत राहिला, की परत येण्याची वाट खुली राहते.

ओहोटी

मी येथे थोडे वेगळे मत मांडते. बंद दालनातील नौका-प्रदर्शनांचा काळच सरत आला आहे, असे मला वाटते. नौका पाण्यात पाहायची वस्तू आहे. तिच्यावर पाऊल ठेवल्यावर ती किती झुकते, इंजिनाचा आवाज आतल्या खोलीत किती येतो, सुकाणूवरून पुढचे कितपत दिसते, हे गालिच्यावर उभ्या केलेल्या नौकेत कळत नाही. फ्रान्समधील कान, इटलीतील जेनोआ, अमेरिकेतील फोर्ट लॉडरडेल, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील प्रदर्शने पाण्यावर भरतात आणि टिकून आहेत. लंडनचे बंद पडले. यातून जो बोध घ्यायचा तो घेतला पाहिजे, आणि दालनांच्या जागेसाठी भांडण्यापेक्षा तीच शक्ती एखाद्या बंदरात कायमची जागा मिळवण्यासाठी वापरली पाहिजे.

डोलकाठी

ओहोटी यांच्या मताचा आदर राखून दोन मुद्दे.

पहिला असा की डसेलडॉर्फचे 'बूट' हे प्रदर्शन १९६९ पासून भरते आहे, पूर्णपणे दालनांत भरते, जानेवारीच्या थंडीत भरते आणि ते जगातल्या सर्वांत मोठ्या नौका-प्रदर्शनांपैकी एक आहे. त्याचे बळ कशात आहे, हे पाहण्यासारखे आहे. तेथे प्रदर्शन भरवणारी संस्था आणि प्रदर्शन-भूमीची मालक संस्था एकच आहे, आणि तिच्या भागधारकांत शहर व राज्य शासन आहेत. त्यामुळे 'जागा पुढच्या वर्षी मिळेल का' हा प्रश्न आयोजकाला मुळी पडतच नाही. संकुल ऱ्हाइन नदीलगत आहे, म्हणून मोठ्या नौका जलमार्गाने आणता येतात, आणि दालने उंच आहेत, म्हणून त्या आत मावतात. असे घडवलेले संकुल असेल, तर छप्पर हा अडथळा राहत नाही.

दुसरा मुद्दा हवामानाचा. उत्तरेकडील देशांत नौका खरेदी करणारा माणूस हिवाळ्यात निर्णय घेतो, म्हणजे वसंतात नौका त्याच्या हाती येते. सप्टेंबरमध्ये पाण्यावर भरणारे प्रदर्शन हंगाम संपताना भरते. त्याचा ग्राहक वेगळा असतो. म्हणून एक प्रकार दुसऱ्याची जागा घेईल, हे मला पटत नाही.

ओहोटी

मालकी एकच असण्याचा मुद्दा पटला. परंतु तसे भाग्य किती प्रदर्शनांच्या वाट्याला येते? बहुतेक ठिकाणी आयोजक हा भाडेकरूच असतो. सिएटलच्या प्रदर्शनाने वर्षानुवर्षे ज्या किंगडोममध्ये दालन भरवले, ते अवाढव्य स्टेडियम मार्च २००० मध्ये सुरुंग लावून पाडले गेले. तेथील आयोजकांना शेजारीच नव्याने झालेले प्रदर्शन केंद्र मिळाले, हे त्यांचे नशीब.

पडाव

मी लहान होड्या बांधणाऱ्या कारखान्यात काम करतो. वल्ह्याच्या आणि छोट्या शिडाच्या, चार-पाच मीटरच्या लाकडी होड्या. इथली चर्चा वाचताना सतत जाणवते की 'प्रदर्शन टिकले' असे म्हणताना आपण बहुधा मोठ्या नौकांची रांग डोळ्यांपुढे आणतो.

जागा बदलते, तेव्हा मोठ्या कंपनीला वाहतुकीचा नवा आराखडा करावा लागतो, एवढेच. आमच्यासारख्यांचे पूर्ण वर्षाचे गणित बिघडते. जुन्या जागेत आम्हाला कोपऱ्यातला स्टॉल कमी भाड्याने मिळत असे, कारण तो कोपरा मोठ्या नौकेच्या उपयोगाचाच नसे. नव्या, सुबक संकुलात असे कोपरेच राहत नाहीत. तेथे सगळे एकसारख्या चौकटीत, एकसारख्या दराने विकले जाते. पाण्यावरच्या प्रदर्शनात दर धक्क्याच्या लांबीवर असतो आणि किमान लांबी ठरलेली असते, त्यामुळे चार मीटरच्या होडीला आठ मीटरचे भाडे भरावे लागते. आमच्या एका स्थलांतरानंतर माझ्या ओळखीचे होडी बांधणारे, दोरखंड वळणारे आणि जुनी पितळी उपकरणे दुरुस्त करणारे अनेक जण पुन्हा कधी प्रदर्शनात दिसले नाहीत. त्यांच्या जाण्याची बातमी कुठे छापून आली नाही, कारण एकूण क्षेत्रफळाच्या आकड्यात त्यांचा वाटा नगण्य होता.

धागाकर्त्यांनी अर्ल्स कोर्टच्या प्रेक्षकांविषयी जे लिहिले, ते म्हणूनच मला अगदी आतून पटले. पहिली होडी घेणारा माणूस बारा मीटरच्या नौकेसमोर उभा राहून सुरुवात करीत नाही. तो आमच्या स्टॉलवर येतो, होडीच्या फळीवरून हात फिरवतो आणि विचारतो की ही मला एकट्याला उचलता येईल का. हा माणूस प्रदर्शनापर्यंत पोहोचलाच नाही, तर वीस वर्षांनी मोठ्या नौकेचा ग्राहक कोठून येणार? जागा निवडताना रेल्वे किंवा बसने पोहोचता येते का, हा प्रश्न मला पाण्याच्या खोलीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

खाडीकाठ

पडाव यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यांना एक प्रश्न: लहान होड्यांसाठी वेगळा, स्वस्त विभाग ठेवण्याची अट जमीनमालकाने, म्हणजे महापालिकेने, घातली तर उपयोग होईल का?

पडाव

होईल, पण ती अट करारात क्षेत्रफळासह आणि ठिकाणासह लिहिली गेली तरच. 'लहान व्यावसायिकांना प्राधान्य' एवढेच लिहिले, तर तो विभाग वाहनतळाच्या टोकाला जातो आणि तेथे कोणी फिरकत नाही.

सुकाणू

कराराचा विषय निघालाच आहे, तर फोर्ट लॉडरडेलचे उदाहरण येथे नोंदवणे आवश्यक वाटते. तेथील प्रदर्शन १९५९ मध्ये सुरू झाले. त्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बहिया मार मरिनाची, म्हणजे नौका नांगरून ठेवण्याच्या बंदराची, जमीन शहराच्या मालकीची आहे आणि ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खाजगी विकासकाकडे आहे. त्या जागेच्या पुनर्विकासाच्या योजना पुढे येऊ लागल्या, तेव्हा प्रदर्शनाचा तेथील करार संपत आल्यामुळे ते शहर सोडून जाईल की काय, अशी धास्ती अनेक वर्षे होती. अखेर २०५० पर्यंत प्रदर्शन बहिया मार येथेच राहील, अशी तजवीज झाली. प्रदर्शनाची मालकी तेथील नौका-व्यावसायिकांच्या संघटनेकडे आहे आणि प्रत्यक्ष आयोजन एक व्यावसायिक कंपनी करते. मला ही विभागणी फार उपयुक्त वाटते, कारण आयोजक कंपनी बदलली किंवा विकली गेली तरी प्रदर्शनाचे नाव आणि जागेवरचा हक्क स्थानिक व्यावसायिकांकडे राहतो.

धागाकर्त्यांनी म्हटले की वर्षातल्या पाच-दहा दिवसांचा हिशेब जमिनीच्या किमतीपुढे हरतो. ते खरे आहे, पण जमिनीचा मालक सार्वजनिक असेल, तर हिशेब वेगळ्या रीतीने मांडता येतो. प्रदर्शनाच्या दिवसांत हॉटेले, उपाहारगृहे, वाहतूक, दुरुस्तीचे कारखाने आणि नौकांवर काम करणारे खलाशी यांची जी कमाई होते, ती जमिनीच्या भाड्यात दिसत नाही. शहराच्या करांत मात्र दिसते. खाजगी विकासकाला या कमाईशी देणेघेणे नसते, महापालिकेला असते. म्हणून पाण्यालगतची सार्वजनिक जमीन भाडेपट्ट्याने देताना प्रदर्शनाचे दिवस आधीच राखून ठेवण्याची अट मूळ पट्ट्यातच असावी. इमारतीचे नकाशे मंजूर झाल्यावर मागाहून जागा मागत बसणे म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहणे होय.

उत्तरवारा

सुकाणू यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. सार्वजनिक जमीन म्हणजे अनेकदा सार्वजनिक उद्यान असते. साउदॅम्प्टनचे प्रदर्शन १९६९ पासून मेफ्लॉवर पार्कमध्ये भरते. ते शहरातील नागरिकांचे, थेट पाण्यापर्यंत जाता येणारे उद्यान आहे. प्रदर्शनाच्या काळात आणि त्याआधीच्या-नंतरच्या उभारणीच्या दिवसांत ते नागरिकांना पूर्ण वापरता येत नाही. पाण्यात दरवर्षी तात्पुरती मरिना उभारून ती पुन्हा उतरवली जाते. प्रदर्शनासाठी उद्यान कायमचे बांधून काढावे असे कोणी सुचवले, तर मी विरोध करीन, कारण प्रदर्शन नसलेल्या दिवसांत ते गवत आणि तो किनारा शहराचाच आहे. जमिनीखाली विजेच्या आणि पाण्याच्या वाहिन्या एकदाच नीट टाकून ठेवल्या, कठीण पृष्ठभागाचे मोजके पट्टे क्रेनसाठी राखले आणि बाकी हिरवळ राहू दिली, तर उभारणीचे दिवस कमी होतील आणि उद्यानही लवकर मोकळे होईल.

डोलकाठी

अगदी योग्य. उभारणीचे दिवस हा शेजाऱ्यांच्या रागाचा खरा स्रोत असतो, आणि त्यावर कुणी बोलत नाही. प्रदर्शन पाच दिवसांचे असले तरी पाण्यावरच्या कामासाठी अलीकडे-पलीकडे मिळून काही आठवडे जातात.

शिडाची दोरी

समुद्राच्या वाढत्या पातळीविषयी कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. अमेरिकेतील अ‍ॅनापोलिसचे शिडाच्या नौकांचे प्रदर्शन १९७० पासून शहराच्या जुन्या सिटी डॉकवर, पाण्यात भरते. ऑक्टोबरमध्ये शिडाच्या आणि इंजिनाच्या नौकांची दोन प्रदर्शने तेथे एकापाठोपाठ होतात आणि मधल्या अवघ्या काही दिवसांत सगळे तरंगते धक्के नव्याने मांडले जातात. डोलकाठी यांच्यासारख्या जाणकारांना त्यातले कौशल्य माझ्यापेक्षा अधिक कळेल. हाच सिटी डॉक आता वादळ नसतानाही, केवळ मोठ्या भरतीने, वारंवार पाण्याखाली जातो. त्यावर उपाय म्हणून शहराने जमिनीची पातळी उंचावण्याची, वाहनतळ हटवून तेथे उद्यान करण्याची आणि पूररोधक अडथळे बसवण्याची योजना आखली आहे.

ही योजना शहराच्या अस्तित्वासाठी गरजेची आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु नौका-प्रदर्शनाच्या दृष्टीने पाहा. आज जेथे ट्रक थेट पाण्याच्या कडेपर्यंत जातो, तेथे उद्या चढ, झाडे आणि बाके असतील. किनारा उंच झाला की तरंगत्या धक्क्यापर्यंतचा पूल आणखी लांब करावा लागेल. याचा अर्थ प्रदर्शन तेथून जाईल असा नाही. पण पूररोधक भिंतीत दारे कोठे ठेवायची, ट्रकसाठी कोणता पट्टा मजबूत बांधायचा, झाडे कोठे लावायची नाहीत, हे सगळे नकाशाच्या अवस्थेतच ठरवावे लागते. काँक्रीट ओतल्यावर हे प्रश्न विचारून उपयोग नसतो. किनाऱ्यावर भरणाऱ्या प्रत्येक प्रदर्शनापुढे येत्या काही दशकांत हा प्रश्न उभा राहणार आहे, आणि मला तो पुनर्विकासापेक्षाही गंभीर वाटतो, कारण विकासकाशी वाटाघाटी करता येतात.

दर्यावर्दी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. धागा सुरू करताना माझ्या मनात मुख्यतः दालनांचा आणि पुनर्विकासाचा प्रश्न होता. शिडाची दोरी, पडाव आणि खाडीकाठ यांच्यामुळे त्याची व्याप्ती कितीतरी वाढली.

ओहोटी यांनी दालन विरुद्ध पाणी असा जो प्रश्न मांडला, त्यावर माझे मत असे की प्रदर्शनाने निदान एक तरी भाग पाण्यावर ठेवावा, मग तो कितीही लहान असो. उत्तरवारा यांनी सिडनीचे जे सांगितले, ते मला याच कारणासाठी पटते. आणि तो भाग विक्रीसाठी नसला तरी चालेल. मुलांना वल्हवायला देणाऱ्या चार होड्या, एखाद्या शिडाच्या नौकेवर पंधरा मिनिटांची फेरी, एवढ्यानेही पडाव ज्या पहिल्या ग्राहकाविषयी लिहितात तो तयार होतो.

जेथे जागेचा प्रश्न अजून निकालात निघालेला नाही, तेथील व्यावसायिकांनी आणि नौकाप्रेमींनी आयोजकांकडे व महापालिकेकडे काय मागावे, याचा मसुदा या धाग्यातून तयार करता येईल असे वाटते. माझ्या मते स्थलांतर तात्पुरते असल्यास परतण्याचे वर्ष आणि परत न आल्यास द्यायची भरपाई, ही दोन्ही करारात लिहिलेली असावीत. लहान होड्यांच्या विभागाचे क्षेत्रफळ आणि त्याचे नकाशातील स्थान निश्चित असावे. वाहतुकीचा आराखडा शेजारच्या वस्तीसमोर आधी ठेवला जावा आणि प्रदर्शन संपल्यावर तळाच्या गवताची पाहणी आयोजकाच्या खर्चाने, पण त्याच्या नियंत्रणाबाहेरील तज्ज्ञांकडून व्हावी. यात काय सुटले आहे?

सुकाणू

प्रदर्शनाच्या नावाची मालकी. आयोजक कंपनी विकली गेली, तर नाव आणि तारखा तिच्याबरोबर दुसऱ्या शहरात जाऊ नयेत.

खाडीकाठ

रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांच्यासाठी राखीव मार्गिका, प्रदर्शनाच्या सर्व दिवसांत आणि उभारणीच्या दिवसांतही.

पडाव

भाडे ठरवताना होडीची प्रत्यक्ष लांबी धरली जावी. किमान लांबीची अट पाच मीटरखालच्या होड्यांना लागू नसावी. तसेच जागा बदलणार असेल, तर ते नोंदणी सुरू होण्याच्या किमान एक वर्ष आधी कळवणे आयोजकावर बंधनकारक असावे. आमच्या होड्या आम्ही प्रदर्शनासाठीच बांधतो आणि लाकूड त्याच्या कितीतरी आधी विकत घ्यावे लागते.

डोलकाठी

उभारणी आणि उतरवणी यांचे दिवस भाड्याच्या दिवसांपासून वेगळे मोजून करारात लिहावेत, आणि वाऱ्यामुळे क्रेन थांबवावी लागली तर तितके दिवस विनामूल्य वाढवून मिळतील, असे कलम घालावे. हे कलम नसले की वादळी वाऱ्यातही काम उरकण्याचा दबाव येतो, आणि आठ टनांची नौका क्रेनला लटकलेली असताना तो दबाव खाली उभ्या असलेल्या माणसांच्या जिवावर बेततो. मसुद्याच्या या भागासाठी लागणारा तपशील, म्हणजे कोणत्या वेगाच्या वाऱ्यात काम थांबवायचे आणि तो वेग कोणी मोजायचा, मी दोन दिवसांत येथे लिहून देतो.